आधी तरंगलांबी काढा!

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लाटा, आवाज, रेडिओ, भूकंप, तरंगांविषयी काहीही विचारा, असं आम्ही म्हटलं होतं. मुंबईचे वाचक म्हटल्यावर पत्रांत समुद्र, लोकल आणि गणपती येणारच. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. तरंगांचं कुठलंही कोडं समोर आलं की पहिल्यांदा तरंगलांबी (एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर) किती ते काढायचं आणि ती समोरच्या भिंतीशी, भोकाशी किंवा खोलीशी ताडून बघायची. खालची बरीचशी उत्तरं एवढ्यानेच सुटली आहेत.

तरंगात ऊर्जा पुढे जाते, पाणी जागच्या जागी राहतं, असं शिकवलं. पण गिरगाव चौपाटीवर लाट पायातली चप्पल ओढून नेते! मग खरं काय? आणि ही लाट अवतरंग की अनुतरंग?
— अकरावीची विद्यार्थिनी, गिरगाव

शिकवलं ते बरोबर आहे आणि चप्पल गेली तेही खरं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या खोलीवर घडतात, इतकंच.

नारळी पौर्णिमेला सोडलेला एखादा नारळ फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गेला असेल तर त्याच्याकडे नीट बघ. लाटेचा माथा आला की नारळ वर चढतो आणि जरासा किनाऱ्याकडे सरकतो. खळगा आला की खाली उतरतो आणि जवळजवळ तेवढाच मागे जातो. माथा पुढे निघून गेला, नारळ तिथेच. पाण्याचा कण अशा गोल फेऱ्या मारत असतो. (फेरी अगदी पूर्ण मिटत नाही, दर वेळी किंचित पुढे सरकणं शिल्लक राहतं. म्हणून नारळ हळूहळू वाहतो.)

दोरीला झटका दिला तर दोरीचा प्रत्येक भाग तरंगाच्या दिशेला काटकोनात हलतो. तो अवतरंग. आवाजात हवेचे कण तरंगाच्याच दिशेत मागे-पुढे हलतात, हवा कुठे दाटते, कुठे विरळ होते. तो अनुतरंग. गोल फिरणारा पाण्याचा कण वर-खालीही हलतो आणि मागे-पुढेही, त्यामुळे समुद्राची लाट दोन्हींचं मिश्रण आहे. परीक्षेत ‘पाण्यावरचे तरंग अवतरंग’ असं लिहून गुण मिळतात, पण ते अर्धंच खरं.

आता आकडे. दर ८ सेकंदांनी एक माथा येत असेल तर खोल पाण्यात तरंगलांबी मीटरमध्ये १.५६ गुणिले ८ चा वर्ग, म्हणजे १०० मीटर. वेग सेकंदाला साडेबारा मीटर, ताशी ४५ किलोमीटर. पृष्ठभागाखाली जाऊ तशा फेऱ्या लहान होतात. अर्ध्या तरंगलांबीइतक्या खोलीवर, इथे ५० मीटरवर, फेरीचा व्यास वरच्याच्या ४ टक्के उरतो. तळ त्याहून खोल असला तर लाटेला त्याचा पत्ताच नसतो. उथळ झाला की लाटेला तळ लागतो. फेऱ्या चपट्या होतात आणि वेग पाण्याच्या खोलीवर ठरू लागतो. २ मीटर पाण्यात तो सेकंदाला ४.४ मीटर. पण माथे अजूनही ८ सेकंदांनीच येताहेत, म्हणजे तरंगलांबी आक्रसून ३५ मीटर झाली. मागची ऊर्जा पुढच्यावर चढते, लाट उंच होत जाते. उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपट झाली की माथा बुडाच्या पुढे धावतो आणि लाट फुटते. तिथून पुढे येतं ते वाहतं पाणी. चप्पल त्याने नेली.

वेग = वारंवारता × तरंगलांबी. म्हणजे वारंवारता वाढवली की वेग वाढणार ना?
— बारावीचा विद्यार्थी, डोंबिवली

नाही. वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, ती उगम ठरवतो, वेग माध्यम ठरवतं आणि तरंगलांबी उरलेला हिशेब जुळवून घेते. सनई लांबून ऐकली तरी तार सप्तकाचे सूर आधी आणि मंद्र नंतर, असं होत नाही. ३० अंश सेल्सिअसला हवेत आवाजाचा वेग ३३१ अधिक ०.६ गुणिले ३०, म्हणजे सेकंदाला ३४९ मीटर, सगळ्या सुरांसाठी. २४० हर्ट्झचा सूर १.४५ मीटरचा, त्याच्या वरचा सा ४८० हर्ट्झचा म्हणून निम्म्या लांबीचा. तोच २४० हर्ट्झचा सूर पाण्यात शिरला की वेग १५०० च्या आसपास होतो, वारंवारता तीच राहते, तरंगलांबी सव्वासहा मीटर होते. मोठ्याने ओरडल्यानेही आवाज लवकर पोचत नाही, फक्त आयाम, म्हणजे कंपनाचा आवाका, वाढतो.

अपवाद मात्र आहेत, आणि वरच्या उत्तरात एक येऊन गेला. खोल पाण्यावर लांब लाटा आखूड लाटांपेक्षा वेगाने जातात. काचेत तांबडा प्रकाश जांभळ्यापेक्षा थोडा वेगाने जातो, म्हणून लोलकातून रंग फुटतात. तिथे माध्यमच वारंवारता बघून वेग देतं.

पावसाळ्यात बातमी येते, ‘आज साडेचार मीटर उंचीच्या लाटा’. मरीन ड्राइव्हला जाऊन बघावं तर तेवढ्या दिसत नाहीत. आणि ते टेट्रापॉड करतात तरी काय?
— वाचक, ग्रँट रोड

बातमी लिहिणाऱ्याची ही चूक वर्षानुवर्षं चालू आहे. साडेचार मीटर ही भरतीच्या पाण्याची पातळी. ती सर्वांत नीच ओहोटीच्या आसपास धरलेल्या शून्यापासून मोजतात. वाऱ्याने उठलेल्या लाटा त्या पातळीच्या वर, त्यांची उंची निराळी. वारा पडलेला असेल तर ४.८ मीटरच्या भरतीलाही समुद्र शांत दिसेल. तरी त्या आकड्याला महत्त्व आहे, कारण मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्यांची कित्येक तोंडं भरतीच्या पातळीखाली जातात आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असला तर पाणी समुद्रात उतरत नाही.

गंमत म्हणजे भरती हीसुद्धा लाटच. आवर्तकाल, म्हणजे दोन माथ्यांमधला वेळ, सुमारे १२ तास २५ मिनिटं, तरंगलांबी हजारो किलोमीटर. तिच्या हिशेबाने सगळेच महासागर उथळ. त्सुनामीचंही तसंच. ४००० मीटर खोल समुद्रही तिला उथळ, वेग सेकंदाला १९८ मीटर, ताशी सातशेच्या वर.

टेट्रापॉडचं काम परावर्तन मोडायचं. उभ्या सपाट भिंतीवर लाट आदळली की जवळजवळ पूर्ण परत फिरते. येणारी आणि परतणारी एकमेकींत मिसळल्या की भिंतीशी पाणी दुप्पट उंच चढतं-उतरतं आणि भिंतीच्या पायाची माती उकरली जाते. चार पायांचे ठोकळे एकमेकांत अडकतात, मध्ये फटी राहतात. पाणी त्या फटींतून दहा वाटांनी शिरतं, एकमेकांवर आपटतं, भोवरे होतात, आणि परत फिरायला एकसंध लाट उरत नाही. त्यावर उतरून फोटो काढू नका. शेवाळ असतं, आणि फटीत पडलेला माणूस पुढच्या लाटेआधी बाहेर निघत नाही.

मिरवणुकीतल्या डीजेचं गाणं दोन गल्ल्या पलीकडे कळत नाही, पण धडधड घरात येते. खिडक्या बंद, जाड पडदे, तरी छातीत ठोके. का?
— वाचक, लालबाग

तरंगलांबी काढा. ६० हर्ट्झचा ठोका ५.८ मीटर लांबीचा. गाण्यातले शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि ती २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. ३००० हर्ट्झला तरंगलांबी साडेअकरा सेंटिमीटर.

इमारतीच्या कोपऱ्यावरून आवाज वळतो ते विवर्तन. तरंगलांबी जितकी मोठी तितकं वळण सहज. पावणेसहा मीटरच्या तरंगाला चाळीचा कोपरा म्हणजे फारसा अडथळा नाही. साडेअकरा सेंटिमीटरच्या तरंगामागे मात्र सावली पडते. शिवाय स्पीकर उंच सूर समोर झोतासारखे फेकतो आणि ठोके चहूकडे. मग भिंत. एकसंध भिंत किती आवाज अडवते हे तिच्या वजनावर आणि वारंवारतेवर ठरतं. वारंवारता दुप्पट झाली की ढोबळमानाने ६ डेसिबल जास्त अडतात. म्हणजे भिंत आपल्या परीने शब्द गाळते आणि ठोका आत सोडते.

आता घरात. दहा फुटी खोली म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी तरंगलांबी नेमकी बसली की अनुनाद होतो, तो सूर खोलीत घुमून वाढतो, आणि ३.०५ च्या दुप्पट ६.१ मीटर म्हणजे ५७ हर्ट्झ. नेमका डीजेचा ठोका! अशा स्थिर तरंगात हवेचा दाब भिंतीशी सर्वांत जास्त बदलतो, खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी. आणि आपण पलंगाचं डोकं भिंतीलाच लावतो. त्या दहा दिवसांपुरती उशी भिंतीपासून चार-पाच फूट आत आणून बघा. फरक कानाला कळतो, पैसा लागत नाही.

पडद्याचा उपयोग खोलीतला निनाद कमी करण्यापुरता. ठोक्याला तो दिसतही नाही. खिडकीच्या फटी बुजवा, पण त्याने शब्द आणि शिट्ट्या कमी होतील हे धरून चला. एकूण क्षेत्रफळाच्या १ टक्का जरी फट राहिली तरी काच कितीही जाड घ्या, २० डेसिबलच्या पलीकडे फायदा मिळत नाही.

तक्रार करताना एक लक्षात घ्या. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची, दिवसा ५५. पण मोजणी ज्या ‘ए’ पट्टीवर होते ती कानाच्या संवेदनेनुसार बनवलेली असल्याने ६३ हर्ट्झच्या आवाजातून २६ डेसिबल वजा करते. म्हणून यंत्रावरचा आकडा आणि छातीतली धडधड यांचा मेळ बसत नाही.

न थांबणारी फास्ट लोकल हॉर्न वाजवत पुढे गेली की सूर एकदम उतरतो. नेमका किती?
— हार्मोनियम शिकणारे वाचक, नाहूर

तुमच्याच भाषेत सांगायचं तर शुद्ध ‘रे’वरून ‘सा’वर, त्याहून किंचित जास्त. गाडी ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. येताना तिच्यापुढचे तरंग दाटतात, जाताना मागचे ताणले जातात. आवाजाचा वेग ३५० धरला तर दोन सुरांचं गुणोत्तर (३५० अधिक २२.२) भागिले (३५० उणे २२.२), म्हणजे १.१३५. रे आणि सा यांचं गुणोत्तर ९/८, म्हणजे १.१२५. हॉर्नमध्ये दोन सूर एकत्र असले तरी दोन्ही त्याच पटीत उतरतात. उलटंही करता येईल. पेटीवर उतार बरोबर रे-सा भरला तर गाडी ताशी ७४ च्या आसपास होती.

जवळ येताना सूर चढत जातो, असं पुष्कळांना वाटतं. चढतो तो आवाजाचा मोठेपणा. सूर वरच्या जागी स्थिर असतो आणि गाडी समोरून जाताना घसरतो. रुळापासून जितके लांब उभे राहाल तितकी ही घसरण सावकाश, मींडेसारखी ऐकू येईल. पिवळ्या पट्टीच्या मागेच राहा, प्रयोग उलट जास्त चांगला होतो. शास्त्रज्ञ डॉप्लरने हे १८४२ मध्ये मांडलं आणि १८४५ मध्ये डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी हॉलंडमध्ये आगगाडीवर तुतारीवादक बसवून पडताळून पाहिलं. वाद्य आणि रेल्वे, तेव्हाही हीच जोडी!

पारसिक बोगद्यात गाडी शिरली की मध्यम लहरींवरचं स्टेशन तत्काळ जातं, एफएम मात्र थोडा वेळ खरखरत राहतं. बोगद्याबाहेर उलट, डोंगराआड एफएम आधी जातं. असं कसं?
— वाचक, कळवा

रेडिओ तरंग विद्युतचुंबकीय, त्यांना माध्यम लागत नाही, वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. मध्यम लहरींवरच्या ५५८ किलोहर्ट्झची तरंगलांबी ५३८ मीटर, एफएमच्या १००.७ मेगाहर्ट्झची जेमतेम ३ मीटर. बोगद्याच्या रुंदीच्या दुपटीहून लांब तरंग आत शिरून पुढे सरकू शकत नाही, तोंडाशीच विरतो. दोन रुळांच्या बोगद्याची रुंदी काही मीटर, तिथे ५३८ मीटरचं काय चालणार? ३ मीटरचा तरंग आत जातो, भिंतींवर आपटत क्षीण होतो. बाहेर तीच लांबी कामाला येते. मोठा तरंग टेकडीला वळसा घालतो, ३ मीटरच्या तरंगामागे सावली पडते.

जाता जाता एक. फोनवरच्या एफएमला इयरफोनची वायर अँटेना म्हणून लागते. पाव तरंगलांबी ७५ सेंटिमीटर, म्हणून वायर गुंडाळून खिशात ठेवली की स्टेशन खरखरतं.

जोराचा पाऊस आला की डिशचं चित्र जातं, केबलवाल्याचं नाही जात.
— वाचक, भांडुप

घरच्या डिशवर येणारे तरंग ११-१२ गिगाहर्ट्झचे, तरंगलांबी अडीच सेंटिमीटर. १ ते ५ मिलिमीटरचे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. केबलवाला मोठ्या डिशवर बऱ्याचदा ४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले साडेसात सेंटिमीटरचे तरंग घेतो, थेंब त्यांच्या मानाने फारच बारीक पडतात. जोरदार सरीत चित्र जाणं स्वाभाविक. पण रिमझिमीतही जात असेल तर दोष तुमच्याकडे आहे. कोरड्या दिवशी सेटिंगमध्ये सिग्नलची ‘क्वालिटी’ बघून ठेवा. ती आधीच कमी असेल तर वाऱ्याने डिश हलली आहे किंवा खाऱ्या हवेने केबलचा कनेक्टर हिरवा पडला आहे. कनेक्टर बदला, सांध्यावर रबरी टेप गुंडाळा, आणि केबलला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल.

भूकंपाचे ‘पी’ आणि ‘एस’ तरंग म्हणजे काय?
— वाचक, ठाणे

‘पी’ अनुतरंग, खडकात सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर. ‘एस’ अवतरंग, सुमारे साडेतीन. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचं उदाहरण घ्या. तिथून मुंबई साधारण २०० किलोमीटर, म्हणजे पहिला तरंग ३३ सेकंदांत आणि दुसरा ५७ सेकंदांत. मधल्या सेकंदांना ८ ने गुणलं की अंतराचा अंदाज येतो. असे अवतरंग द्रवाच्या आतून जात नाहीत, कारण द्रवाला आडवं सरकवलं तर तो परत ओढून घेत नाही.

शाळेत तरंगटाकी नाही. स्वस्तात परावर्तन, अपवर्तन, विवर्तन कसं दाखवू?
— विज्ञान शिक्षिका, परळ

ओव्हनमध्ये वापरतात तसा सपाट तळाचा, मोठ्यातला मोठा काचेचा ट्रे घ्या. साबणाचा अंश राहिला तर तरंग लगेच मरतात, म्हणून धुतल्यावर तीन-चारदा नुसत्या पाण्याने खळबळा. दोन स्टुलांवर ट्रे ठेवा, खाली ४० सेंटिमीटरवर पांढरा कागद, वर ४० सेंटिमीटरवर टॉर्च. टॉर्चमध्ये एकाहून जास्त दिवे असतील तर एक सोडून बाकी चिकटपट्टीने झाका, नाहीतर सावल्या दुहेरी पडतात. वर्गातली ट्यूब बंद. पाणी ७ मिलिमीटर. माथा भिंगासारखा प्रकाश गोळा करतो, त्यामुळे कागदावर उजळ पट्टी दिसते.

तरंग उठवायला लाकडी फूटपट्टी रबरबँडने आडवी टांगा, तिची कड पाण्याला जेमतेम टेकू दे. पट्टीवर खेळण्यातली मोटर बांधा, तिच्या दांड्याला एका बाजूला मातीचा लहान गोळा. दीड व्होल्टचा सेल पुरे. मोटर फार जोरात फिरली तर तरंग इतके बारीक होतात की दिसत नाहीत. गोळा मोठा करा, म्हणजे ती मंदावेल. सेकंदाला ११-१२ कंपनं मिळाली की तरंगलांबी २ सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला सुमारे २३ सेंटिमीटर येतो. फोनवर सेकंदाला २४० चौकटींचं स्लो मोशन घेतलंत तर दर माथ्यामागे २१ चौकटी मोजायला मिळतील.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कागदावरची सावली मोजून तीच तरंगलांबी धरणं. वरच्या मापांनी सावली दुप्पट मोठी पडते, वेग ४६ येतो आणि मुलं गोंधळतात. ट्रेमध्ये पारदर्शक पट्टी ठेवून तिची सावली शेजारी मोजा. दुसरी चूक, कडांवरून परतणारे तरंग सगळं चित्र गढूळ करतात. कडेने ओल्या बँडेजची उतरती घडी लावा. परावर्तन दाखवायचं तेवढ्या बाजूची काढा.

अपवर्तनासाठी, म्हणजे वेग बदलल्याने तरंग वळतो ते दाखवायला, तळाशी काचेचा जाड तुकडा तिरका ठेवा, त्याच्यावर पाणी १ ते २ मिलिमीटरच राहील असं बघा. २ मिलिमीटरला वेग २३ वरून १९ च्या जवळ येतो, १ मिलिमीटरला वळण अधिक ठळक दिसतं. काचेवर सेंटिमीटरभर पाणी ठेवलं तर काहीच दिसणार नाही, कारण ती अर्धी तरंगलांबी झाली. चौपाटीच्या उत्तरात ५० मीटर होतं, इथे १ सेंटिमीटर.

विवर्तनासाठी लादीचे दोन तुकडे उभे करून मध्ये फट ठेवा. ८ सेंटिमीटरच्या फटीतून तरंग बहुतेक सरळ जातो, कडाच वाकतात. फट २ सेंटिमीटरवर आणा, पलीकडे अर्धवर्तुळं पसरतील. तिसरा, ३ सेंटिमीटरचा तुकडा मध्ये उभा करून दीड-दीड सेंटिमीटरच्या दोन फटी केल्यात तर अर्धवर्तुळं एकमेकांत मिसळून मधेमधे पाणी स्तब्ध राहिलेल्या रेषा दिसतात. ते व्यतिकरण. तुकडे गुळगुळीत बाजूवर निसटतात, खाली थोडी कणीक लावा.